मात्रिसमध्ये थांबलेलं मूल

माझी आई घाबरली की हात पुसायची. कोरडे असले तरी पुसायची. त्या सकाळी तिने झग्याला हात पुसले, परत पुसले, तेव्हा मी वळून दाराकडे बघितलं. उंबऱ्यात एस्तिमेन उभी होती. तिच्या पायांवरून रक्त ओघळत होतं आणि ती मात्र आईला समजावत होती, “काही नाही गं माय, आज जरा जास्त आहे एवढंच.”

एवढंच म्हणे! बोकड कापला तरी एवढं पडत नाही.

एस्तिमेन माझी भावजय, माझ्या थोरल्या भावाची, विल्नेरची बायको. माझ्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चमध्ये पाण्याखाली धरलं ते तिनेच, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना ‘कोमे’ म्हणायचो. बहीण रुसली तर रुसू दे, पण कोमेशी वाकडं घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ती डोंगरातली मुलगी. लग्न होऊन आमच्या किनाऱ्यावर आली तेव्हा समुद्राला इतकी भ्यायची की पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझं मनगट घट्ट धरायची. जिभेला मात्र भीती ठाऊक नव्हती. डोक्यावर कसाव्याच्या भाकऱ्यांची टोपली ठेवून, दोन्ही हात मोकळे सोडून ती भर बाजारात भांडायची, आणि टोपली तसूभर हलायची नाही. कुणी म्हटलं भाकरी जळकी आहे, तर म्हणायची, “जळकी नाही बाबा, खरपूस आहे. जळकं ते तुझं थोबाड.” लोक हसायचे आणि भाकरी घेऊन जायचे.

विल्नेर कामासाठी समुद्रापलीकडच्या नासाव शहराला जाणाऱ्या होडीत बसला तेव्हा तिच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या. जाताना त्याने तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, “हा यायच्या आत मी येतो.” होडी गेली. पोचल्याचा निरोप आला नाही, बुडाल्याचाही आला नाही. आणि काही आठवड्यांनी एस्तिमेनला रक्त जायला लागलं.

दुसरीकडे कुठे असं झालं तर बायका म्हणतील, पडलं गं बाई, देवाची मर्जी. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. आमच्याकडे म्हणतात, थांबलं. मूल आहे, पण जे रक्त त्याने प्यायचं ते त्याच्या बाजूने वाहून जातं, म्हणून ते वाढत नाही. चिमुकलं होऊन मात्रिसला चिकटून बसतं. वर्षभर बसेल, दहा वर्षं बसेल. वाहणारं रक्त एकदा अडवलं की परत वाढायला लागेल आणि ज्याचं आहे त्याच्याच नावाने जन्माला येईल. याला आम्ही पेदिस्यों म्हणतो, आणि आमच्या गावात अशी दोन-तीन माणसं हिंडताहेत ज्यांच्याबद्दल शपथेवर सांगतात की हा आईच्या पोटात इतकी वर्षं होता.

मात्रिस म्हणजे मूल धरणारी पिशवी, हे झालंच. पण आमच्या बायकांच्या तोंडी तो शब्द ऐकाल तर वाटेल, घरातल्या एखाद्या तापट म्हातारीबद्दल चाललंय. मात्रिस रुसते. मात्रिस वर चढते, खाली उतरते. गार वाऱ्याने उघडते, जड हंडा उचलला की सरकते. भर बाजारात एक बाई दुसरीला ओरडून विचारते, “काय गं, बसली का तुझी मात्रिस जागेवर?” आणि शेजारी मासे निवडणारा बाप्या वर बघत नाही, कारण त्याच्या बायकोचीही कालच बसवून घेतलेली असते. तिला एरंडेल चोळायचं, पट्टा बांधायचा, ऊब द्यायची, चुचकारायचं. हे सगळं ज्या हातांना कळायचं ते हात माझ्या आईचे. सारा गाव तिला दोरिलियामाय म्हणायचा. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांत पडलेली. डोळ्यांत मोतीबिंदू आला, माणसांचे चेहरे धुरकट झाले, तरी तिचं काही अडलं नाही. बोटांनीच बघायची.

तिनेच एस्तिमेनच्या पोटावर हात ठेवून सांगितलं, “थांबलंय. माझ्या विल्नेरचं आहे आणि थांबलंय.”

झालं. दोरिलियामायने सांगितलं म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं? तिने जुन्या शिडाच्या कापडाचा पट्टा शिवला आणि एस्तिमेनच्या ओटीपोटावर करकचून बांधला. रोज सकाळी सोडायचा, एरंडेल चोळायचं, परत बांधायचा. बेंबीखाली खरंच काहीतरी टणक होतं, आणि वर्षागणिक ते मोठं होत होतं. आई त्यावर तळवा ठेवून म्हणायची, “चिवट आहे. बापावर गेलाय.” एस्तिमेन भाकऱ्या थापताना त्याच्याशी बोलायची. “ऐकतोस ना रे? बापासारखा शब्द मोडू नकोस. येतो म्हटलंस ना, मग ये.”

आईचं म्हणणं सरळ होतं. मूल थांबलंय, म्हणजे बापही कुठेतरी थांबलाय. म्हणून घरात काळं फडकं आणायचं नाही, मेलेल्याची नऊ दिवसांची प्रार्थना करायची नाही. फळीवर विल्नेरचं निळ्या काठाचं ताट उभं ठेवलेलं, ते रोज पुसायचं. एकदा माझ्या चुलतभावाने धीर करून म्हटलं, “काकी, त्या होडीतलं कुणीच आलं नाही गं परत.” आईने हातातली गरम कॉफी त्याच्या पायावर ओतली. त्यानंतर कुणाचं धाडस झालं नाही.

पण रक्त काही अडेना. महिन्याला यायचं ते पंधरवड्याला यायला लागलं, मग थांबेनासंच झालं. एस्तिमेनचे तळवे पांढरे पडले. टोपली घेऊन निघायची आणि वाटेतच बसायची. मी बघितलं तेव्हा ती चुलीमागची माती खरवडून खात होती. भांडण तर सोडूनच दिलं तिने. एका गिऱ्हाइकाने भाकरी फेकून दिली तेव्हा ती नुसती उचलायला वाकली, आणि मला इतकी भीती वाटली म्हणून सांगू! ती एस्तिमेन नव्हतीच ती. गावातल्या रिकामटेकड्या बाया म्हणायला लागल्या की कुणीतरी उडून येतं आणि तिच्या पोटातल्या मुलाचं रक्त पितं. मी त्यांना शिव्या घातल्या. घरी आल्यावर मात्र कौलांकडे बघून घेतलं.

तर त्या सकाळी, उंबऱ्यातलं ते रक्त बघून मी म्हणाले, “बास झालं. मी हिला शहरात इस्पितळात नेते.”

आईला कंठ फुटला. “नेशील! ते मात्रिस उघडतील आणि माझ्या नातवाला घमेल्यात टाकतील.”

“आणि नाही नेलं तर? ही मेल्यावर नातू काय चालत बाहेर येणार आहे?”

“क्लेरमिझ, जीभ सांभाळ.”

“तू आधी हिला सांभाळ!”

आम्ही दोघी ओरडत असताना एस्तिमेन दाराच्या चौकटीवरून घसरत खाली बसली. डोळे उघडे होते, पण आमच्याकडे बघत नव्हते. मग कसलं भांडण! मी आणि शेजारच्या मेसिदोरने तिला उचलून त्याच्या होडीत निजवलं. आई किनाऱ्यापर्यंत आली. पाण्यात झगा भिजवत उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “जे निघेल ते माझ्याकडे आणायचं. मी माझ्या हातांनी बघेन. आणि मूल असलं, तर तुम्हा दोघींना माझ्या दारात पाय ठेवता येणार नाही.” ती ओरडली असती तर मी इतकी हादरले नसते. ती हात पुसत होती.

इस्पितळातल्या डॉक्टर कादे म्हणजे तरुण बाई, आमच्याच दक्षिणेकडच्या. त्यांनी तपासलं, यंत्राने पोट बघितलं, आमची सगळी कहाणी ऐकून घेतली. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी तिथेच राडा केला असता. टेबलावर कुणा बाळंतिणीने दिलेले अव्होकाडो पडले होते. त्यांनी एक उचलून कापला, देठाकडची निमुळती बाजू खाली धरली.

“ही तुमची मात्रिस. हे खाली तोंड, ही मान. हा गर म्हणजे तिची भिंत. आणि आत बी बसते ना, ती खोली. मूल राहतं ते या खोलीत. तुमची गाठ आहे भिंतीत. भिंतीत मूल राहत नाही.”

एस्तिमेन उशीवरून कसंबसं म्हणाली, “भिंतीआड लपलं असेल.”

“चार वर्षं?”

“शब्द दिलाय त्याने.”

डॉक्टरबाईंनी अव्होकाडो खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल. आणखी एकदा असंच रक्त गेलं तर हातात काही राहणार नाही. आणि त्याआधी रक्त चढवायला हवं, नातेवाइकांपैकी कुणाचं जमतंय का बघा.

एस्तिमेनने माझं मनगट धरलं. समुद्रात धरायची तसंच. “कोमे, तू सांग. तुझ्या भावाचं मूल आहे. तू काढा म्हणालीस तर काढू देत.”

बघा आता, आली का पंचाईत! मला काय माहीत? ते फळ बघितलं तेव्हा वाटलं, बाई खरं बोलतेय. पण जन्मल्यापासून या गावाचं, या आईचं ऐकत आलेय मी. आत खरंच माझ्या विल्नेरचं लेकरू असलं, बोटभर, बापासारखं नाक घेऊन बसलेलं असलं, तर? आणि नसलं आणि मी नको म्हटलं, तर उद्या हिचं प्रेत कोण घरी नेणार? मी म्हणाले, “काढा.” एवढ्या जोरात म्हणाले की पलीकडच्या खाटेवरची बाई दचकली.

माझं रक्त तिला जुळलं. बाटलीतून ते तिच्या हातात उतरताना बघून तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. “विल्नेरचंच रक्त आहे की हे,” ती म्हणाली. मग डोळे मिटायच्या आधी म्हणाली, “कोमे, तू बघून ठेव हं. कुणासारखा आहे ते नीट बघून ठेव. मला सांगायचंस.”

त्या व्हरांड्यात मी बसले नाही, उभी राहिले नाही, काय केलं ते मलाच आठवत नाही. येशूला हाक मारली, मग ज्यांना चर्चमध्ये हाक मारत नाहीत त्यांनाही मारली. दार उघडलं आणि डॉक्टरबाई घमेलं घेऊन आल्या. आई म्हणाली होती तसंच घमेलं.

“बघायचं होतं ना? बघा.”

मी डोळे घट्ट मिटले. “आहे का कुणी?”

“तुम्हीच बघा.”

कोवळ्या नीरफणसाएवढं होतं. त्यांनी माझ्यासमोर चिरलं. आत पांढरं, खोबऱ्यासारखं चिवट, वेटोळी घातलेलं. हात नाही, पाय नाही. नाक नाही. आणि एका कडेला, त्या गाठीने दाबून दाबून चपटी केलेली एक फट. डॉक्टरबाई म्हणाल्या, “ही ती खोली.” मी वाकून बघितलं. काही नव्हतं. मी परत बघितलं.

त्यांनी तपासणीसाठी एक तुकडा ठेवून घेतला. बाकीचं मी झाकणाच्या बादलीत घातलं आणि वर बाजारातून आणलेली कच्ची दारू ओतली, म्हणजे घरी जाईपर्यंत टिकेल. दारू विकणारा म्हणाला, “एवढी घेतेस? कुणाची मयत आहे गं?” मी त्याला म्हणाले, तुझी.

एस्तिमेन जागी झाली. ओठ सुकलेले. पहिला शब्द तोच. “कुणासारखा?”

“कुणीच नव्हतं, कोमे. खोली रिकामी होती.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. “खोटं बोलतेस. मला बरं वाटावं म्हणून.” आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. टाके सुकून घरी सोडेपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही. एकदाच म्हणाली, “मी स्वतः जगायला त्याला मारलं ना?” मी नाही म्हटलं. माझ्या नाही म्हणण्याला काय किंमत होती? किंमत आता एकाच बाईच्या शब्दाला. दोरिलियामाय मूल म्हणाली, की एस्तिमेन त्या गावात आयुष्यभर पोटचं पोर मारलेली बाई. घर गेलं, बाजार गेला. आणि मला ठाऊक होतं, ती स्वतःही तेच मानेल आणि मग फार दिवस जगणार नाही.

परतीच्या होडीत बादली माझ्या पायांमध्ये होती. लाट आली की आत काहीतरी डुचमळायचं, आणि मला वाटायचं, मी नीट बघितलंच नाही. घाईत बघितलं. दुसऱ्या बाजूला असलं तर? झाकण उघडून बघायची इतकी इच्छा व्हायची, आणि तेवढीच भीती. समोरची एक जाडी बाई नाक वर करून म्हणाली, “डुकराचं का गं? विकायचंय?”

“नाही,” मी म्हणाले. “माझ्या सासूचं मुंडकं आहे. घेतेस?”

बाई सरकून पार टोकाला जाऊन बसली. एरवी एस्तिमेन खदखदून हसली असती. ती पाण्याकडे बघत होती. माझं मनगट तिने धरलं नाही.

आई अंगणात बदामाच्या झाडाखाली बसली होती. शेजारी स्वच्छ पाण्याची परात. परातीच्या कडेला घडी घातलेलं पांढरं कापड, आणि त्या कापडावर एवढासा सदरा. तिने शिवून ठेवला होता. डोळ्यांनी दिसत नाही, टाके वाकडेतिकडे, तरी शिवला होता.

“घरात चला,” आई म्हणाली. “दार लाव.”

एस्तिमेनला चटईवर टेकवलं. परात आणि बादली आईपुढे ठेवली. तिने झाकण काढलं, दारूच्या वासाने तोंड फिरवलं, मग दोन्ही हात आत घातले. पहिल्यांदा नुसते ठेवले, बाळंतिणीच्या पोटावर ठेवायची तसे. मग बोटं चालायला लागली. सावकाश. पांढऱ्या वेटोळ्यांवरून, चिरलेल्या कडांवरून, उलटून पलीकडून. “नाळ कुठाय?” ती पुटपुटली. आम्हाला विचारत नव्हती. “पाण्याची पिशवी कुठाय?” परत सगळं चाचपलं. एस्तिमेन चटईवरून तिच्या बोटांकडे बघत होती. मग आईच्या करंगळीला ती फट सापडली. करंगळी आत गेली, आणि तिथेच राहिली. ती खोलीत शोधत होती. कोपऱ्याकोपऱ्यात.

“माय,” एस्तिमेनचा आवाज फुटला. “मी मारलं का गं त्याला?”

आईने हात बाहेर काढले. परातीत धुतले. पुसले नाहीत. पाणी निथळत असतानाच ती गुडघ्यांवर सरकत एस्तिमेनजवळ आली, तिचा चेहरा दोन्ही ओल्या हातांत धरला.

“नाही गं पोरी. इथे कुणी नव्हतं. कधीच... नसेलही, असेलही, पण गेलं ते तेव्हाच गेलं. ही नुसती गाठ. माझे हात चुकले. मला नातू हवा होता, म्हणून चुकले.”

एस्तिमेन तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हिचं ओझं उतरेल, ही रडेल, झोपेल. पण तिच्या तोंडावर जी भीती आली ती मी इस्पितळातही बघितली नव्हती. ती अगदी हळू म्हणाली, “मग विल्नेर?”

चार वर्षांत त्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आई उठली. भिंत चाचपत फळीपाशी गेली. निळ्या काठाचं ताट काढलं, बोटाने त्याची कड फिरवून बघितली आणि ते जमिनीवर पालथं घातलं. मग तिने हंबरडा फोडला. आमच्याकडे मयताला फोडतात तोच. मी आईच्या तोंडून तो तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. एस्तिमेनने तो उचलला, टाक्यांवर हात दाबून. मग मीही.

असा आवाज एका घरातून निघाला की सारा गाव पळत येतो. मेसिदोर सगळ्यात आधी पोचला, जाळं हातात तसंच. दारावर धक्के मारून विचारायला लागला, “काय झालं? कोण गेलं?”

मी दार उघडलं. “माझा भाऊ,” मी म्हणाले.

तो बावचळला. “विल्नेर? निरोप आला? कधी गेला?”

मागून, चटईवरून, एस्तिमेनच म्हणाली, “आत्ता.”